तेलाचा भाव आणि पहिली नोकरी

पेट्रोलियम इंजिनिअरिंगला प्रवेश घेताना तेलाचा भाव कुणी विचारत नाही. फी विचारतात, हॉस्टेल विचारतात, प्लेसमेंट कसं होतं हे तर सगळ्यात आधी विचारतात. २०११ साली बाबांनीही माझ्यासाठी तेच विचारलं होतं आणि समोरच्याने दिलेलं उत्तर त्या दिवसापुरतं अगदी खरं होतं. ब्रेंट क्रूड, म्हणजे ज्याच्यावरून जगात कच्च्या तेलाचा भाव धरतात ते तेल, तेव्हा बॅरलला ११० डॉलरच्या आसपास होतं. तेल कंपन्यांसाठी विहिरींची कामं करणाऱ्या सर्व्हिस कंपन्या कॅम्पसवर येत होत्या आणि पुढची मुलं आखातात, आफ्रिकेत रुजू होत होती. मी बाहेर पडणार तो दिवस चार वर्षांनी येणार आहे आणि या धंद्यात चार वर्षांत सगळं उलटंपालटं होऊ शकतं, एवढंच सांगायचं राहून गेलं.

आम्ही उरणचे. मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर समुद्रात मुंबई हाय आहे. १९७४ साली सागर सम्राट या विहीर खोदणाऱ्या रिगने तिथे तेल शोधलं. तिथलं तेल आणि वायू समुद्राखालच्या पाइपलाइनने आमच्या तालुक्यात येतात. क्रूड पुढे ट्रॉम्बेच्या रिफायनऱ्यांकडे जातं, वायूवर प्रक्रिया होऊन घरोघरचा एलपीजी निघतो. आमच्याकडे जमिनी गेल्या त्या टप्प्याटप्प्याने, कधी तेलासाठी, कधी नवी मुंबईसाठी, कधी बंदरासाठी. त्यामुळे उरणमध्ये नोकरीच्या दोनच जाती: आतली आणि ठेकेदाराकडची. आतली म्हणजे कायम, क्वार्टर, मेडिकल, पोरीच्या बापाने डोळे झाकून होकार द्यावा अशी. ठेकेदाराकडची म्हणजे गेटपासवर तारीख असलेली. शिकून इंजिनिअर झालेला पोरगा आतच लागणार, असं घरात सगळ्यांनी धरलेलं होतं. मीही.

बाबांचा ट्रेलर होता, बंदरातून कंटेनर वाहणारा, कर्जावर घेतलेला. २७ नोव्हेंबर २०१४ ला व्हिएन्नात ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेची बैठक झाली आणि उत्पादन कमी करायचं नाही असं ठरलं. जूनमध्ये ११५ डॉलरला पोचलेलं ब्रेंट जानेवारीत ५० च्या खाली आलं. त्याआधीच ऑक्टोबरमध्ये सरकारने डिझेलचे दर बाजारावर सोडले होते, त्यामुळे पंपावरचा दरही उतरला. सरकार मधल्या मधे अबकारी कर वाढवत राहिलं, तरी बाबांच्या खिशात महिन्याकाठी थोडं जास्त उरायला लागलं. मी शेवटच्या वर्षाला होतो. रात्री फोनवर ते खुशीने सांगायचे की डिझेल अजून उतरलं, आणि मी इकडे हॉस्टेलच्या जिन्यात उभा राहून हं हं म्हणायचो. त्यांच्या ट्रेलरचा हप्ता ज्या बातमीने सुटत होता त्याच बातमीने माझी नोकरी जात होती. हे त्यांना समजावून सांगावं असं मला कधी वाटलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना जरा मोकळा श्वास मिळत होता.

जानेवारी २०१५ मध्ये श्लुम्बर्जेने ९,००० माणसं कमी करण्याची घोषणा केली. जगातली सगळ्यात मोठी सर्व्हिस कंपनी असं करते म्हटल्यावर बाकीच्यांना वाट मोकळीच झाली. अमेरिकेत २०१४ च्या सप्टेंबरात १९०० हून जास्त रिग चालू होत्या, मे २०१६ मध्ये त्या ४०० च्या आसपास उरल्या. आमच्या वर्गातल्या काही जणांना एका कंपनीची ऑफर लेटर मिळाली होती. त्यात मीही होतो. रुजू होण्याची तारीख आधी पुढे गेली, मग आणखी पुढे गेली, आणि मग पुढची सूचना मिळेपर्यंत थांबावे असा दोन ओळींचा मेल आला. ती पुढची सूचना कुणालाच मिळाली नाही.

सरकारी कंपनीचा रस्ता गेट या इंजिनिअरिंगच्या परीक्षेतून जातो. पण तेव्हा गेटमध्ये पेट्रोलियमचा स्वतंत्र पेपरच नव्हता. आम्ही चार वर्षं रिझर्व्हॉयर म्हणजे जमिनीखालचा तेलाचा साठा, ड्रिलिंग, वेल टेस्टिंग शिकायचं आणि परीक्षेला केमिकल किंवा मेकॅनिकलच्या मुलांसमोर त्यांच्या विषयात उतरायचं. तो पेपर सुरू झाला २०१७ साली. आज जी मुलं तो देतात त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं, की तुमच्या आधीच्या अनेक बॅचेसना हे दार असं सरळ उघडं मिळालेलं नाही.

उरला खाजगी रस्ता. प्रत्येक जाहिरातीत एकच ओळ असायची: ऑफशोअरचा, म्हणजे समुद्रातल्या कामाचा, किमान दोन वर्षांचा अनुभव. ऑफशोअरला जायचं तर आधी समुद्रातल्या सुरक्षेचं प्रमाणपत्र हवं. त्यात हेलिकॉप्टर पाण्यात पडल्यावर बाहेर कसं पडायचं याचं प्रशिक्षण असतं. तलावात बुडवलेली केबिन उलटी फिरते, नाकातोंडात पाणी जातं, अशा वेळी एक हात खिडकीच्या चौकटीवर ठेवून दुसऱ्याने पट्टा सोडायचा असतो. केबिन फिरायची थांबल्याशिवाय पट्टा सोडायचा नाही, नाहीतर खिडकी कुठे होती तेच कळत नाही. अतिशय उपयोगाचं शिक्षण आहे. गोव्यात बेतुलला ओएनजीसीची संस्था हे शिकवते आणि खाजगी संस्थाही आहेत. पण नोकरी असली तर हा खर्च कंपनी करते आणि नोकरी नसली तर तो आपण करायचा. मामाने पैसे दिले म्हणून मी तो कोर्स केला. प्रमाणपत्राची मुदत चार वर्षांची असते. पहिली नोकरी शोधण्यात ती मुदत सरत जाते आणि पुन्हा पैसे भरायची वेळ येते. ज्याला मामा नाही त्याने काय करायचं, याचं उत्तर या धंद्याने अजून दिलेलं नाही.

याच काळात मुलं फसतात. आखातातल्या किंवा कॅनडातल्या तेल कंपनीचं लेटरहेड, भरघोस पगार, मुलाखत ई-मेलवरच, आणि मग व्हिसाची फी म्हणून अमुक खात्यात पैसे. आमच्या बॅचमधल्या एकाच्या वडिलांनी सोयाबीनचे आलेले पैसे असे घालवले. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी झालेल्या एजंटांची यादी असते, ती पाहिल्याशिवाय कुणाला एक रुपया देऊ नका, हे मी भेटेल त्याला सांगतो.

मला काम मिळालं ते जमिनीवर, गुजरातेत मेहसाणाच्या बाजूला, एका ठेकेदार कंपनीत. पद सॅम्पल कॅचरचं. काम विहिरीतून वर आलेला खडकाचा चुरा गोळा करायचं, पगार दिवसाप्रमाणे, घरी असलेल्या दिवसांचे पैसे नाहीत. उरणच्या भाषेत ही ठेकेदाराकडचीच नोकरी. आईने गावात सांगताना फक्त गुजरातला तेलाच्या कंपनीत आहे एवढंच सांगितलं. ते खोटं नव्हतं.

मेहसाणाचं तेल जाड असतं. बालोल आणि संथाल या क्षेत्रांत तर ते पातळ होऊन विहिरीकडे सरकावं म्हणून जमिनीखाली हवा सोडून त्यातलं थोडं तेल तिथल्या तिथे पेटवतात. चार वर्षं पुस्तकात वाचलेली ही गोष्ट चालू असलेल्या ठिकाणी मी पोचलो तेव्हा सॅम्पल कॅचरचा कमीपणा मनातून निम्मा गेला. उरलेला निम्मा घालवला तो आमच्या युनिटमधल्या वडीलधाऱ्या लॉगरने, म्हणजे तो चुरा तपासणाऱ्याने. ते आसाममधल्या शिवसागरचे होते. सगळे त्यांना 'दा' म्हणायचे.

मड लॉगिंग म्हणजे काय ते सांगतो, कारण मला या धंद्यात थांबवलं ते त्यानेच. विहीर खोदताना नळातून चिखल खाली सोडतात. पाणी, बेंटोनाइट ही चिकणमाती आणि वजन वाढवायला बॅराइट हे जड खनिज असं हे मिश्रण. ते नळाच्या टोकाला खडक फोडणाऱ्या बिटमधून बाहेर पडतं आणि खोदलेल्या खडकाचा चुरा घेऊन नळाच्या बाहेरच्या जागेतून वर येतं. वर शेल शेकर नावाच्या थरथरत्या चाळणीवर चुरा वेगळा होतो. सॅम्पल कॅचरने दर काही मीटरला तो उचलायचा, धुवायचा, वाळवायचा, पुडीवर खोली लिहायची. मग लॉगर तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो आणि अतिनील दिव्याखाली धरतो. तेल असेल तर चुरा उजळतो. पण चाळणीवर आत्ता आलेला चुरा आत्ताच्या खोलीचा नसतो. तो वर यायला वेळ लागतो, खोल विहिरीत तासाहून जास्त. तो वेळ चुकला तर पुडीवरची खोली चुकते आणि तेलाचा थर आहे त्याच्या खाली दाखवला जातो. कागदावर तो वेळ पंपाच्या स्ट्रोकवरून आणि भोकाच्या आकारमानावरून काढतात. पण भोक प्रत्यक्षात किती रुंद झालं आहे हे कागदाला ठाऊक नसतं. कच्चा खडक ढासळतो, पोकळी वाढते.

दा म्हणाले, मेसमधून मूठभर तांदूळ आण. नवीन नळ जोडायला पंप थांबवला तेव्हा त्यांनी ड्रिलरला सांगून तो तांदूळ नळात टाकला आणि मला शेकरपाशी उभं केलं. पंप सुरू झाल्यापासून स्ट्रोक मोजायचे आणि पहिला दाणा दिसला की आकडा लिहायचा. हिशेबाने यायला हवे होते त्याच्या बरेच नंतर दाणे आले. खाली भोक रुंद झालं होतं. त्या रात्री आम्ही मागच्या पुड्यांवरच्या खोल्या पुन्हा लावल्या. ड्रिलिंगच्या तासाला मी हे सूत्र फळ्यावर सोडवून पूर्ण मार्क मिळवले होते. ते सूत्र कशासाठी आहे हे मला मेहसाणाच्या त्या शेकरपाशी कळलं.

अशा गोष्टी ते रोज शिकवायचे. नळ जोडताना पंप थांबला आणि त्यानंतर वर आलेल्या चिखलात वायूचा आकडा दर वेळी थोडा थोडा वाढत असेल, तर चिखलाचं वजन खालच्या दाबाला पुरत नाही असं समज. चिखलाच्या टाकीतली पातळी चढायला लागली तर आधी फोन उचल, कारण नंतर शोध. चुकीचा फोन केला म्हणून तुला कुणी बोललं तर माझं नाव सांग. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी कामाच्या ठिकाणी कुणी असं पाठीशी उभं राहणं ही फार मोठी गोष्ट असते. तेलविहिरीत दाब बेकाबू झाला तर काय होतं हे जगाने २०१० साली मेक्सिकोच्या आखातात पाहिलं आहे. तिथे ११ माणसं गेली. त्या धोक्याची पहिली चाहूल टिपणारा माणूस बहुतेक वेळा युनिटमधला सगळ्यात कमी पगाराचा असतो.

२० एप्रिल २०२० ला अमेरिकेतलं क्रूड उणे ३७.६३ डॉलरला बंद झालं. मे महिन्याचा सौदा दुसऱ्या दिवशी संपणार होता, लॉकडाऊनमुळे तेलाला गिऱ्हाईक नव्हतं, तिथल्या कशिंग गावातल्या तेल साठवायच्या टाक्या भरत आल्या होत्या, तेव्हा हातातलं तेल दुसऱ्याने न्यावं म्हणून लोक वर पैसे देत होते. त्या वर्षी आमचं कंत्राट पुढे वाढवलं गेलं नाही. दा शिवसागरला गेले. काम पुन्हा सुरू झालं तेव्हा त्यांना बोलावणं गेलं नाही, आणि गेलं असतं तरी त्या वयात ते पुन्हा आले असते असं मला वाटत नाही. त्यांच्याकडे असलेलं कितीतरी मी शिकायचा राहिलो होतो. माझ्यानंतर त्यांच्या हाताखाली कुणी आलं नाही.

रिगला काम नसलं तर ती स्टॅक करतात. थोडी माणसं ठेवून, इंजिनं अधूनमधून चालवून ठेवली तर वॉर्म स्टॅक. सगळं बंद करून, कुलूप लावून, माणसं घरी पाठवून दिली तर कोल्ड स्टॅक. दोन-तीन वर्षांनी भाव चढला की खर्च करून ती पुन्हा कामावर आणता येते. कंपन्या पोरांनाही तसंच स्टॅक करू पाहतात, हे मला या सगळ्या वर्षांत सगळ्यात जास्त लागलेलं आहे. बाविशीतला मुलगा दोन वर्षं घरी बसतो तेव्हा बहिणीचं लग्न येतं, बापाचं ऑपरेशन येतं, गावात लोक विचारायला लागतात. तो दुसरं काहीतरी धरतो आणि मग परत येत नाही. आमच्या वर्गातले निम्म्याहून जास्त लोक आज तेलात नाहीत. एक जण हिंजवडीत टेस्टिंग करतो, एक लातूरला बँकेत आहे, एक एमपीएससीतून लागला आणि उत्तम काम करतो. त्यांचं आयुष्य वाया गेलं असं मी म्हणत नाही. पण आपला देश लागणाऱ्या क्रूडपैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो, आणि जमिनीखालून ते काढायला शिकलेली मुलं आपण शिकवून झाल्यावर सोडून देतो. याचा मला राग येतो.

मुलींचं तर त्याहून अवघड होतं. वर्गात पहिल्या तिघांत असलेली एक मैत्रीण सोलापूरची. तिला रिगवरच काम करायचं होतं. आपल्याकडे १९५२ च्या खाण कायद्यात तेलविहीरही खाणीतच मोडायची, आणि त्यातल्या कलम ४६ प्रमाणे बायकांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत कामावर ठेवता येत नव्हतं. रिग तर रात्रंदिवस चालते. अर्ध्या पाळ्या ज्याला देताच येत नाहीत असा माणूस कोणता ठेकेदार घेईल? २०१९ साली केंद्र सरकारने संमतीच्या आणि सुरक्षिततेच्या अटींवर सूट दिली. त्यातली एक अट अशी होती की एका पाळीत निदान तीन बायका असाव्यात. अट काळजीपोटीच घातलेली होती. पण ज्या रिगवर एकही बाई नाही तिथे पहिली येणार कशी, हा प्रश्न त्या अटीने तसाच ठेवला. ती आता एका सॉफ्टवेअर कंपनीत रिझर्व्हॉयरची मॉडेल्स करते. रिग तिने शिकत असताना सहलीत पाहिली तेवढीच.

मी स्वतः मधली दीड-दोन वर्षं पश्चिम महाराष्ट्रात शहर गॅस वितरणात काढली. २०१८-१९ च्या निविदांनंतर जिल्ह्याजिल्ह्यात पाइपलाइनची कामं निघाली होती, त्यात आमच्यातल्या बऱ्याच जणांना आसरा मिळाला. पिवळ्या पाइपचे सांधे जोडायचे, दाब तपासायचा, रस्ता खोदायच्या परवानगीसाठी नगरपालिकेत बसायचं. चांगलं, स्थिर काम होतं. तरी मन तिथे रमलं नाही, एवढंच त्याबद्दल सांगण्यासारखं आहे.

मग फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, भाव शंभराच्या वर गेला आणि फोन सुरू झाले. अनुभव किती, प्रमाणपत्र चालू आहे का, कधी निघू शकता. मला ऑफशोअर मिळालं ते तेव्हा, जुहूवरून हेलिकॉप्टर पकडायचं मुंबई हायचं काम. आई त्या दिवशी बोलली नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळात मुंबई हायजवळ पी-३०५ ही कामगारांच्या राहण्याची बार्ज बुडाली होती. तिच्यावर २६१ माणसं होती, त्यातली सत्तरहून जास्त गेली, आणि बहुतेक सगळे ठेकेदारांकडचे कामगार होते. उरणच्या घरात ही बातमी पेपरातून आली नव्हती, किनाऱ्यावरून आली होती. मी आईला काही पटवून दिलं नाही. वादळाचा इशारा आल्यावर आता काय करतात, कधी माणसं उतरवतात, हे तिला नीट सांगितलं आणि प्रत्येक वेळी चढताना आणि उतरताना फोन करतो.

भावाची लाट मात्र थांबलेली नाही. जानेवारी २०२४ मध्ये सौदीने उत्पादनक्षमता वाढवायचा बेत मागे घेतला आणि त्यानंतर तिथल्या समुद्रतळावर पाय टेकून उभ्या राहणाऱ्या अनेक जॅक-अप रिगची कामं थांबवली गेली. तिकडे नुकतीच गेलेली आपली कितीतरी मुलं परत आली. त्यांच्यातल्या काहींचे मेसेज मला आले आणि त्यातले प्रश्न मला पाठ होते.

दुसऱ्या बाजूला, मुंबई हायचं क्षेत्र पन्नास वर्षांचं झालं आहे. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने तिथलं उत्पादन वाढवण्यासाठी बीपी या ब्रिटिश तेल कंपनीला दहा वर्षांकरता तांत्रिक साहाय्यक म्हणून नेमलं. जुन्या क्षेत्रातून उरलेलं तेल काढायला नव्या क्षेत्रापेक्षा जास्त जाणती माणसं लागतात, कारण तिथे प्रत्येक विहिरीचा स्वभाव वेगळा झालेला असतो. ही माणसं जाहिरात देऊन एका महिन्यात मिळत नाहीत. ठेकेदार असो की मुख्य कंपनी, प्रत्येक क्रूमागे दोन शिकाऊ मुलं भाव काहीही असला तरी ठेवली पाहिजेत आणि निविदेच्या अटींत तसं लिहिलं पाहिजे. खर्च किती येईल? रिगच्या एका दिवसाच्या भाड्यापुढे तो नगण्य आहे. मंदीत पहिली कात्री शिकणाऱ्यावर चालते, कारण त्या दिवशी त्याच्यावाचून काही अडत नाही. अडतं ते सहा-सात वर्षांनी, आणि तेव्हा निर्णय घेणारा माणूस बदलून गेलेला असतो.

गेल्या महिन्यात जासईच्या बाजूचा एक मुलगा घरी आला होता. यंदाच पास झालेला, हातात अंकलेश्वरच्या एका ठेकेदाराचं पत्र, पद सॅम्पल कॅचरचं. आई-वडील नाराज होते, इंजिनिअर होऊन पुड्या भरायच्या का म्हणून. त्याने विचारलं, दादा, जाऊ का? मी म्हटलं, जा, पण सही करायच्या आधी तीन गोष्टी लेखी विचार. सुरक्षेच्या प्रमाणपत्रांचा खर्च कोण करणार, घरी असलेल्या दिवसांचा काही भत्ता आहे का, आणि काम थांबलं तर किती दिवसांची नोटीस. त्याला भीती वाटत होती की असं विचारलं तर पत्रच परत घेतील. आम्ही दोघांनी बसून मेल लिहिला. उत्तर यायला आठवडा लागला. प्रमाणपत्रांचा खर्च ते करणार आहेत, नोटीस एका महिन्याची आहे, घरच्या दिवसांचा भत्ता देणार नाहीत. तो सोमवारी निघतोय. तिथल्या युनिटमध्ये कोण सीनियर आहे हे मी विचारून ठेवलं आहे. माणूस राजमंड्रीचा आहे, वीस वर्षं याच कामात आहे, आणि शिकवतो असं त्याच्याबद्दल सगळे सांगतात.